राणीचा पाय कोण चोळतं?

मी समीक्षक नाही. सूतगिरणीत कामाला आहे. तिसरी पाळी करून आलो आणि दोस्ताच्या खोलीवर, त्याच्या मोबाइलवर ‘द फेवरिट’ बघितला. २०१८ सालचा सिनेमा. दिग्दर्शक योर्गोस लँथिमोस. राणीचं काम करणाऱ्या ऑलिव्हिया कोलमनला २०१९ मध्ये ऑस्कर मिळालं. इंग्रजी अर्धं कळलं, अर्धं दोस्तानं सांगितलं. पण चाकरी कळायला भाषा लागत नाही.

गोष्ट इंग्लंडच्या ॲन राणीची. १७०२ ते १७१४ तिचं राज्य. बाहेर फ्रान्सशी लढाई, आत राणीचा पाय संधिवातानं सुजलेला. सतरा मुलं गमावलेली ही बाई सतरा ससे पाळून बसलीय. तिच्या कानाशी लागायला दोघी झगडतात. एक मानाची सारा, दुसरी तिचीच गरीब नातलग ॲबिगेल. जिचा हात राणीच्या पायावर, तिचा हात राज्यावर.

ॲबिगेल येते तीच चिखलात पडून. मोलकरणी तिला फरशी घासायला कास्टिकचं पाणी देतात आणि सांगत नाहीत. हात भाजतो. आमच्या खात्यात नव्या बदलीवाल्याची अशीच गंमत करतात. मीही केलीय. मार खाल्लेला माणूस आपल्याखालचा शोधतो, हे दिग्दर्शकानं बरोबर पकडलंय.

पण माझं भांडण इथंच सुरू होतं. ॲबिगेल मुळात खानदानी. बापानं जुगारात हरली म्हणून खाली आली. ती परत आपल्या जागेवर जाते, एवढंच. ज्या जन्मापासून भांडी घासतायत, एका खोलीत दाटीवाटीनं झोपतायत, त्यांची गोष्ट कोण विचारतो? खाली पडलेल्या खानदानीचं दुःख म्हणजे कथा, आणि खालीच जन्मलेल्यांचं दुःख म्हणजे देखावा!

आता ॲबिगेलला हाताशी धरणारा हार्ली बघा. त्याला लढाई थांबवायचीय, कारण जमीनदारांना कर झोंबतो. सिनेमा एवढंच सांगतो. पुढचा इतिहास असा. १७११ मध्ये याच हार्लीच्या पुढाकारानं साउथ सी कंपनी निघाली. १७१३ मध्ये उट्रेक्टचा तह झाला. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींना गुलाम पुरवायचा मक्ता इंग्लंडला मिळाला आणि तो या कंपनीकडं गेला. वर्षाला ४,८०० नग, ३० वर्षं. एक धडधाकट जवान आफ्रिकी माणूस म्हणजे एक नग. पोरं, म्हातारी त्याहून कमी धरायची. आम्ही सुताच्या पेट्या मोजतो तशी माणसं मोजली. त्या दरबारानं केलेल्या शांततेची ही किंमत. राणीच्या खोलीत दोन तास बसलेला कॅमेरा तिकडं फिरकत नाही.

तरी शेवट बघाच. ॲबिगेल जिंकलीय. राणीच्या खोलीत बसलीय आणि सहज एका सशावर टाच दाबते. राणीला ते दिसतं. ती ॲबिगेलला पाय चोळायला लावते आणि तिच्या डोक्यावर हात दाबून केस मुठीत धरते. पडद्यावर दोघींचे चेहरे आणि ससेच ससे. साराला घालवून मिळवलेली जागा ती हीच.

दोस्तांनो, आपल्यातला एखादा ‘आत’ गेला की आपण हार घेऊन धावतो. तो कुणाच्या पायाशी बसलाय, हे बघत नाही. आमच्या खात्यातला एकजण परवाच जॉबर झाला. माणूस चांगलाय. त्याला हा सिनेमा दाखवणार आहे. मोबाइल दोस्ताचा आहे, मागून घेईन.