बळीचे दान: एका मिथकाची संमती आणि नकार

पतंजलीच्या ‘महाभाष्या’त एक व्याकरणविषयक शंका उपस्थित झाली आहे. कंस पूर्वीच मारला गेला, बळी पूर्वीच बांधला गेला; मग त्यांच्याविषयी वर्तमानकाळी क्रियापदे कशी वापरली जातात? समाधान असे, की शोभनिक हे प्रसंग प्रत्यक्ष करून दाखवितात, चित्रकार ते चित्रांत दाखवितात आणि ग्रंथिक केवळ शब्दांनी ते बुद्धीपुढे उभे करतात. पुढचा तपशील अधिक बोलका आहे. कंसकथेच्या वेळी कंसाचे पक्षपाती आणि वासुदेवाचे पक्षपाती असे दोन तट पडतात. कोणाची मुखे आरक्त होतात, कोणाची काळवंडतात. हे तट कथकांचे की श्रोत्यांचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारासही पुराकथेचे कथन तटस्थ नव्हते, एवढे त्यातून निश्चित होते. जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’तील (1873) बळीराजा हा परंपरेचा विपर्यास आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा उतारा विचारात घेतलेला दिसत नाही.

‘गुलामगिरी’वरील चर्चा बहुधा व्युत्पत्तींपाशी अडकते. नवखंडांचा न्याय पाहणारा अधिकारी तो खंडोबा, महासुभ्याचा अधिकारी तो म्हसोबा, अशा उपपत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, हे सांगण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाही. तेवढ्यावर ग्रंथ निकालात काढला की समीक्षकाचे काम संपते, असा मात्र समज आहे. दुसरीकडे फुल्यांचे कथन हा बळीच्या राज्याचा शब्दशः इतिहास आहे, असे धरून चालणारा वर्गही आहे. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे: पुनर्कथनाचे मूल्य त्यातील घटनांच्या खरेपणावर अवलंबून असते. फुल्यांनी कथेतील नेमकी कोणती गाठ सोडविली, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

ती गाठ ओळखण्यासाठी कथेचे थर वेगळे करावे लागतात. ऋग्वेदात विष्णूची तीन पावले आहेत, पण बळी नाही. शतपथ ब्राह्मणात देव आणि असुर पृथ्वीच्या वाटणीवरून भांडतात. असुर बैलांच्या कातड्यांनी पृथ्वी मोजून वाटू लागतात, तेव्हा देव यज्ञरूपी विष्णूला पुढे घालून तेथे जातात आणि आपला वाटा मागतात. वामनरूपी विष्णू जेवढ्यावर आडवा होईल तेवढी जागा असुर नाखुशीने देऊ करतात. देव त्या विष्णूला छंदांनी वेढून सारी पृथ्वी मिळवितात. येथेही बळी नाही. असुर हा समूह आहे. त्याला राजा नाही, चेहरा नाही. पण एक गोष्ट मात्र आहे: जमीन हातची जाते ती असुरांच्या होकारानेच.

हा होकार पुढे ‘दान’ झाला आणि समूहाच्या जागी दाता आला. भागवताच्या आठव्या स्कंधातील बळी हे या घडणीचे पूर्ण रूप होय. समोरचा बटू कोण आहे हे शुक्राचार्य सांगतात. तरीही बळी शब्द मोडत नाही. तिसऱ्या पावलासाठी तो आपले मस्तक पुढे करतो. नैतिक उंची सगळी बळीकडे आहे, विजय मात्र वामनाकडे. पुराणकाराला ही अडचण जाणवत होती. आख्यानाच्या आरंभीच परीक्षिती विचारतो, की सर्वेश्वराने दीनासारखी भूमी का मागावी, आणि ती मिळाल्यावरही निरपराध बळीला का बांधावे? हा प्रश्न संहितेने स्वतःच स्वतःला विचारला आहे. सुतलाचे राज्य, विष्णूने पत्करलेले द्वारपालपण, पुढील मन्वंतरातील इंद्रपद ही त्याची उत्तरे आहेत. एका कृत्यासाठी इतक्या भरपाया द्याव्या लागतात, यावरूनच त्या कृत्याचे ओझे कळते.

महाभारताच्या शांतिपर्वात तर निराळाच बळी भेटतो. राज्य गेलेला बळी गाढवाच्या रूपात एका ओसाड घरात राहतो आहे. इंद्र त्याला डिवचतो आणि बळी शांतपणे सांगतो, की हे सारे काळाचे करणे आहे. आज तुझे दिवस आहेत, उद्या नसतील. पराभूताच्या तोंडून विजेत्याला ऐकविलेली ही समज भागवतातील शरणागतीपेक्षा कितीतरी कठोर आहे. मराठी समीक्षेने या संवादाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

फुल्यांच्या संवादातील धोंडीबा परीक्षितीचेच काम करतो: तो विचारतो, शंका काढतो. फरक उत्तरात आहे. ‘गुलामगिरी’तील बळी दान देत नाही. वामन आक्रमक म्हणून चाल करून येतो, लढाई होते आणि बळी रणात पडतो. तीन पावलांची कथा ही विजेत्यांनी मागाहून रचलेली बतावणी ठरते. फुल्यांनी कथेतून काढून घेतली ती ही संमती. भूमी दिली गेली असेल तर ती घेणाऱ्याचा ताबा कायदेशीर ठरतो. हिसकावली गेली असेल तर ठरत नाही. ब्राह्मणग्रंथापासून पुराणापर्यंत अखंड टिकलेला एकच दुवा फुल्यांनी तोडला. व्युत्पत्ती चुकल्या तरी हा वार चुकत नाही.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. दान गेले तशी वचनासाठी सर्वस्व गमावणाऱ्या बळीची शोकात्मिकाही गेली. ‘गुलामगिरी’तील बळी हा न्यायी राजा आहे, पण भागवतातील बळीइतका तो मनात घर करीत नाही. फुल्यांना त्याची फिकीर नसावी. येशू ख्रिस्तालाही ते बळी म्हणतात, तेव्हा ‘बळी’ हे व्यक्तिनाम उरत नाही. ते पद होते. ज्याचे राज्य अन्यायाने बुडाले आणि पुन्हा यावे असे ज्याच्याविषयी वाटते, तो बळी.

या अपेक्षेला आधार लोकाचाराचा आहे. ओवाळताना ईडापीडा टळावी आणि बळीचे राज्य यावे, असे म्हणणारी बाई पुराणाचा शेवट मान्य करीत नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बळीच्या पूजेचा विधी सांगून धर्मशास्त्रानेही त्या अमान्यतेला वर्षातला एक दिवस मोकळा ठेवला. केरळात ओणमला महाबली प्रजेच्या भेटीस येतो, आणि ज्या तृक्काकराशी हा सण जोडलेला आहे तेथील देवालय वामनाचे आहे. जेता देवळात, जित घराघरांत, अशी ही वाटणी.

ऐतिहासिक बळीचा शोध घेणाऱ्यांना यापुढे थोडेच सापडते. अंग, वंग, कलिंग, पुंड्र, सुह्म यांचा पिता मानला गेलेला पूर्वेकडील एक बळी महाभारताला आणि पुराणांना माहीत आहे. नामसाम्यावरून दोघे एकच, असे ठरविता येत नाही. आ. ह. साळुंखे यांच्या ‘बळीवंशा’चे बळही वंशावळीच्या सिद्धतेपेक्षा पुराणांच्या उलट्या वाचनात अधिक आहे. ‘बलि’ या शब्दाचा जुना अर्थ मात्र नजरेआड करता येत नाही. बलि म्हणजे राजाला द्यावयाचा भाग. अशोकाच्या लुंबिनी येथील स्तंभलेखात त्या गावाला ‘बलि’ माफ केल्याची नोंद आहे. राजाच्या नावाशी या शब्दाचा उगम जोडता येईलच असे नाही. पण घेणे आणि देणे यांची सरमिसळ त्या एका शब्दात आधीपासूनच आहे.

आधुनिक मराठीत ही सरमिसळ पुन्हा पुरी झाली आहे. शरद जोशींच्या शेतकरी आंदोलनात ‘बळीचे राज्य’ ही मागणी होती. शेतमालाचा भाव हा तिचा आशय होता. वृत्तपत्रांत ‘बळीराजा’ हा शेतकऱ्याचा निव्वळ पर्याय झाला. पाऊस पडला की बळीराजा सुखावतो, गारपीट झाली की हवालदिल होतो, आणि आत्महत्येच्या बातमीतही तो राजाच असतो. त्याच्या जोडीला ‘अन्नदाता’ हे विशेषण येते. ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) लिहिताना शेतकऱ्याकडून काय काय काढून घेतले जाते याची यादी फुल्यांनी खात्यांनिशी दिली होती. ‘अन्नदाता’ म्हणताच ते काढून घेणे पुन्हा त्याचे देणे होते; 1873 मध्ये कथेतून काढलेले दान या विशेषणातून परत येते.