अवस्था आणि संहिता : रेम्ब्रांटचे 'तीन क्रूस'

बरोक काळातील एचिंगविषयी लिहिताना 'मुक्त रेषा' हा शब्दप्रयोग हमखास येतो. ताम्रपटावरील मेणाच्या थरावर सुई लेखणीइतकी सहज फिरते, धातू खोदण्याचे श्रम आम्ल करते. म्हणून ही रेषा म्हणजे चित्रकाराचे जणू हस्ताक्षरच, असे मानले जाते. समकालीनांना हे स्वातंत्र्य गुणच वाटत होते असे मात्र नाही. आब्राआम बॉस याच्या १६४५ च्या ग्रंथात एचिंगने कोरणीच्या शिस्तबद्ध रेषेचा भास निर्माण करावा, अशीच अपेक्षा आहे. 'हस्ताक्षर' ही बव्हंशी नंतरची, रोमँटिक वळणाची वाचनदृष्टी होय.

रेम्ब्रांटचे 'तीन क्रूस' (१६५३) तिला अधिकच अडचणीत आणते. येथे आम्लाची मध्यस्थीही नाही. ड्रायपॉइंटच्या सुईने व कोरणीने त्याने थेट तांब्यावर काम केले. हस्ताक्षराच्या कल्पनेला याहून अनुकूल उदाहरण कोणते? पण सुईने उचकटलेल्या धातूच्या कडा शाई धरून ठेवतात, त्यातून मखमली काळोख उमटतो, आणि दाबयंत्राखाली त्या लवकरच झिजतात. शिवाय पटावर शाई कमीअधिक राखलेली, काही ठसे चर्मपत्रावर घेतलेले. ठशाठशांत फरक पडतो तो असा. बेन्यामिनने १९३६ च्या निबंधात एचिंगचा ओझरता उल्लेख पुनरुत्पादनाच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून केला. मूळ व प्रत या द्वंद्वात असा ठसा कुठे बसवायचा, हे तेथे कळत नाही.

खरा पेच चौथ्या अवस्थेचा आहे. तिसऱ्या अवस्थेवर स्वाक्षरी व साल आहे. रूढ अर्थाने कृती तेथे पूर्ण झाली. १६६० च्या सुमारास रेम्ब्रांटने तोच पट घासून पुन्हा कोरला. प्रकाशझोतात गुडघे टेकलेला शताधिपती आता सहज सापडत नाही, उजवीकडचा क्रूस अंधारात बुडतो, आणि डावीकडे पिसानेल्लोच्या पदकावरून घेतलेला उंच टोपीचा घोडेस्वार अवतरतो. लूकच्या शुभवर्तमानात अंधारही आहे व शताधिपतीची साक्षही. आधीच्या अवस्थांचा भर साक्षीवर आहे, चौथी स्वतःला अंधाराच्या स्वाधीन करते. हिला 'सुधारणा' म्हणावे तर तिसरीवरची स्वाक्षरी आड येते. स्वतंत्र कृती म्हणावे तर पुसलेल्या आकृत्यांच्या खुणा नव्या रेषांखालून डोकावतात. साहित्यातील पाठभेदाची उपमाही फार पुढे जात नाही. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाल्याने पहिलीचे पुनर्मुद्रण अशक्य होत नाही. येथे पट एकच असल्याने चौथी अवस्था कोरताच तिसरीचा आणखी एकही ठसा काढता येणार नव्हता, आणि रेम्ब्रांटला ते ठाऊक होते.