‘टाकणे’ या क्रियापदाची कैफियत

भाजीत मीठ ‘घालावे’ की ‘टाकावे’, हा वाद मराठी वाचकांस नवा नाही. पाककृती सांगणाऱ्याने ‘आता मीठ टाका’ म्हटले की पुण्याकडील श्रोता कासावीस होतो. टाकतात तो केरकचरा, अन्नात घालावयाचे असते, असा त्याचा दावा. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींत या वादास आणखी एक फाटा फुटतो, कारण येथे सारा दोष हिंदीच्या माथी मारण्याची सोय आहे. मुलांनी ‘नमक डालो’ ऐकले, म्हणून ती ‘मीठ टाक’ म्हणू लागली, हे निदान आमच्या परिचयाच्या बहुतेक घरांतून ऐकू येते.

हे निदान आम्हांस अपुरे वाटते. नागपूर-अमरावतीकडील माणूस भाजीत मीठ सहज ‘टाकतो’ आणि त्याच्या मराठीपणाविषयी कोणी शंका घेऊ नये. शिवाय ज्या ‘घालणे’चा कैवार घेतला जातो, ते क्रियापद तरी कुठे एवढे सोज्ज्वळ आहे? कुऱ्हाडीचा घाव घालतात, डोक्यात धोंडा घालतात, शत्रूवर घाला घालतात. फेकण्या-मारण्याचा हा जोर अंगी बाळगूनच ते अंगरखा घालण्यापर्यंत आणि मूल जन्माला घालण्यापर्यंत पोचले आहे. ‘सांडणे’ची गतही पाहण्याजोगी आहे. संतवाङ्मयात सांडणे म्हणजे जाणूनबुजून त्यागणे. आज दूध सांडते ते केवळ हातून निसटते म्हणून. फेकण्याची क्रियापदे वापरता वापरता अशी झिजतात व मऊ होतात. ‘टाकणे’ त्याच वाटेने चालले आहे. आपण पेटीत पत्र टाकतो, अंथरूण टाकतो, पाऊल टाकतो, पाहुणा आला की चहा टाकतो, बदलीसाठी वरिष्ठांकडे शब्द टाकतो. यांतील एकही वस्तू आपण फेकून देत नाही. (कचेरीत काहीजण पाट्या टाकतात. तेथे मात्र फेकून दिल्याचा भाव शाबूत आहे, हे मान्य केले पाहिजे.)

याच क्रियापदाचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. ‘पत्र लिहिले’ आणि ‘पत्र लिहून टाकले’ यांत घटना एकच आहे. दुसऱ्यात डोक्यावरचे ओझे उतरल्याचा सुस्कारा आहे. म्हणून ‘जेवून टाकले’ म्हणताच जेवणाची गोडी जाते आणि उरकणे तेवढे उरते. सेक्टर ४३ च्या बसस्थानकावर घटकाभर उभे राहिले तरी ध्यानात येते, की शेजारच्या भाषांनी हीच युक्ती योजली आहे. आपण ‘मारून टाकले’ म्हणतो, हिंदी माणूस ‘मार डाला’ म्हणतो, पंजाबी ‘मार सुट्टिया’ म्हणतो, आणि ‘सुट्टणा’ म्हणजे चक्क फेकणे. तेव्हा ही उसनवारी नव्हे, भावकीतील साम्य आहे.

आमची खरी तक्रार निराळी आहे. अलीकडच्या अनुवादित कादंबऱ्यांतून पात्रे दगड फेकतात, पैसा फेकतात, फुले फेकतात, आणि गुलामगिरीही ‘फेकून देतात’. गोफणीचा गोटा भिरकावतात, गुलाल उधळतात, जू झुगारतात, स्वतःला कार्यात झोकून देतात, हा विवेक कुठे गेला? जेजुरीस भंडारा ‘फेकला’ असे कोणी लिहिले, तर त्याने खंडोबाचा गड पाहिलेला नाही असे खुशाल समजावे. या बाबतीत आमच्या मते क्रीडावार्ताहर लेखकांहून दक्ष ठरले आहेत. गोलंदाज चेंडू टाकतो, क्षेत्ररक्षक तो फेकतो, आणि गोलंदाजाने फेकला तर पंच त्यास दोष देतो. ‘टाकणे’ व ‘फेकणे’ यांतील एवढी काटेकोर सीमारेषा आमच्या कथाकारांस आखता आलेली नाही.

परंतु ‘टाकणे’ मऊ झाले, झिजले, असे म्हणून थांबता येत नाही. या शहरात ‘टाकाऊ’ शब्दाचे एक थोर उत्तर उभे आहे. रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी सरकारी नोकरी सांभाळून, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विटांचे तुकडे वेचून उभारलेली बाग १९७६ मध्ये लोकांस खुली झाली. वस्तूचे हे ठीक आहे. वस्तू कोणी टाकली तर दुसरा कोणी उचलतो. मराठीत मात्र माणूसही टाकला जातो. त्याला वाळीत टाकतात. आणि बायकोला तर नुसतेच ‘टाकतात’.

येथे ‘सोडणे’ व ‘टाकणे’ यांतील भेद जिव्हारी लागणारा आहे. सोडलेल्या स्त्रीस सोडचिठ्ठी मिळते, ती मोकळी होते. टाकलेलीस चिठ्ठी नाही, पोटगी नाही आणि मोकळीकही नाही. कुंकू ज्याच्या नावाचे, तोच विचारीत नाही. निशा शिवूरकर यांनी आपल्या पुस्तकास ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ हे नाव दिले. ‘परित्यक्ता’ हा भारदस्त शब्द हाताशी असता त्यांनी हाच शब्द निवडला, हे आम्हांस भाषेच्या दृष्टीनेही फार मोलाचे वाटते. ‘परित्यक्ता’ म्हणताच ती एक अवस्था होते, जणू वैधव्यासारखी आपोआप ओढवलेली. ‘टाकलेली’ म्हणताच प्रश्न येतो, कोणी टाकली?

आमच्या या सेक्टर ४३ मध्येच जिल्हा न्यायालये आहेत. तेथे पोटगीसाठी येणाऱ्या स्त्रिया आपली हकीकत पंजाबीत वा हिंदीत सांगतात, आणि ‘छड्डणा’, ‘छोड़ना’ ही दोन्ही क्रियापदे सोडण्याची आहेत. उद्या एखाद्या मराठी बाईने तेथे ‘नवऱ्याने टाकले’ म्हटले, तर दुभाष्याने काय करावे? ‘छोड़ दिया’ म्हटले तर न्यायाधीश घटस्फोटाचा कागद मागतील. ‘फेंक दिया’ म्हटले तर मारहाणीचा मामला समजतील. त्याने मूळ शब्द तसाच ठेवावा व पुढे एक वाक्य जास्त बोलावे, की हिला घराबाहेर काढले आहे आणि मोकळे केलेले नाही.