वैयक्तिक आणि खाजगी : माहितीच्या अधिकारातील कलम ८(१)(ञ)चे बदललेले रूप

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ८(१)(ञ) मूळ स्वरूपात लांबलचक होते. सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नसलेली, अथवा उघड केल्यास व्यक्तीच्या खाजगी जीवनात अनाठायी अतिक्रमण होईल अशी वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा त्यात होती. मात्र व्यापक सार्वजनिक हिताची खात्री पटल्यास जन माहिती अधिकाऱ्याला ती देता येत होती. शिवाय जी माहिती संसदेला वा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक त्याला जोडलेले होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हा सारा मजकूर काढून त्या जागी केवळ वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती, एवढ्याच आशयाचे शब्द ठेवले. दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी हा बदल अंमलात आला. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा नगरपरिषद व ग्रामपंचायत यांच्या दप्तराच्या संदर्भात केली आहे. कारण सामान्य नागरिकाचा शासनाशी येणारा संबंध बहुतांशी याच दप्तरातून जातो.

मराठीत 'वैयक्तिक' आणि 'खाजगी' हे शब्द पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरले जातात; परंतु कायद्याच्या वाचनात त्यांतील भेद निर्णायक ठरतो. घरकुलाच्या लाभार्थी यादीतील नाव वैयक्तिक आहे, कारण त्यावरून व्यक्ती ओळखता येते. ते खाजगी नाही, कारण ते घर सार्वजनिक निधीतून उभे राहिले आहे. त्याच लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक किंवा आजाराची नोंद मात्र वैयक्तिकही आहे आणि खाजगीही. मूळ कलम हा भेद ओळखत होते. नवे कलम तो पुसून टाकते. ठेकेदाराचे नाव, बांधकाम परवाना मिळालेल्या मालमत्ताधारकाचे नाव, हजेरीपटावरील मजुराचे नाव ही सारी आता एकाच मापाने मोजता येतात. नगरपरिषदेच्या दप्तरात ज्यावर कोणाचेच नाव नाही असा कागद शोधू गेल्यास कोरा कागदच हाती येण्याचा संभव अधिक.

माहितीच्या अधिकाराची चळवळ नावांच्या वाचनातूनच उभी राहिली, हे येथे लक्षात घेणे क्रमप्राप्त ठरते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून घेतलेल्या जनसुनावण्यांमध्ये सरकारी कामांचे हजेरीपट गावासमोर वाचले गेले. जे कामावर गेलेच नव्हते त्यांची, इतकेच नव्हे तर मृत व्यक्तींचीही नावे मजुरी घेतलेल्यांत निघाली. नावे झाकलेल्या हजेरीपटावरून हे कधीही सिद्ध झाले नसते. बनावट हजेरीपटाच्या बेरजा सहसा बरोबरच असतात. या अनुभवाचेच प्रतिबिंब २००५ च्या अधिनियमातील कलम ४ मध्ये पडले. अनुदान कार्यक्रमांचे लाभार्थी, सवलती व परवाने मिळालेल्या व्यक्ती आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचे मासिक वेतन प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावे, असे ते कलम सांगते. ते आजही जसेच्या तसे आहे. एकाच अधिनियमाचे चौथे कलम जे प्रसिद्ध करावयास लावते, ते आठवे कलम झाकू देते.

खाजगीपणाची बाजू दुर्लक्षणीय आहे, असा याचा अर्थ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. परंतु त्याच निर्णयाने मर्यादा घालताना गरज आणि प्रमाणबद्धता यांची कसोटी सांगितली आहे. प्रमाणबद्ध उपाय कायद्यात आधीपासूनच होता : कलम १० नुसार नोंदीतील संवेदनशील भाग वगळून उर्वरित भाग देता येतो. तो वापरण्याचे कष्ट घेण्याऐवजी संपूर्ण नकाराची सवय आधीच वाढली होती. कर्मचाऱ्यावरील ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा व मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ च्या निर्णयात म्हटले होते. परंतु त्या निर्णयानेही सार्वजनिक हिताचा अपवाद शाबूत ठेवला होता.

कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद कायम असल्याने काहीच बिघडलेले नाही, असा दुरुस्तीच्या समर्थनार्थ युक्तिवाद केला जातो. तो शब्दशः खरा आहे, परंतु अपुरा आहे. मूळ खंडात माहिती सार्वजनिक कार्याशी असंबद्ध आहे किंवा अतिक्रमण करणारी आहे, हे नाकारणाऱ्याने आधी ठरवावयाचे होते. आता नाव दिसताच नकार देता येतो आणि त्यानंतर हिताचे पारडे जड असल्याचे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. ज्याने अद्याप कागदच पाहिलेला नाही, त्याने त्या कागदात दडलेले सार्वजनिक हित कसे दाखवावे? याशिवाय कलम ८(२) ची भाषा प्राधिकरणाला माहिती देता येईल अशी आहे, द्यावी अशी नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू स्वतःविषयीच्या माहितीची आहे आणि तिची चर्चा तुलनेने कमी झाली आहे. ब्रिटनमधील व्यवस्था येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. तेथील २००० च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याचे कलम ४० अर्जदाराला स्वतःची वैयक्तिक माहिती त्या कायद्याखाली देत नाही. पण त्याचे कारण ती डेटा संरक्षण कायद्याखाली मिळते हे आहे. पूर्वी त्यासाठी १० पौंडांपर्यंत शुल्क आणि ४० दिवसांची मुदत होती. मे २०१८ पासून ती सामान्यतः विनाशुल्क व एका महिन्यात द्यावी लागते. स्थानिक कौन्सिलही त्यास अपवाद नाही आणि नागरिकाने संमती दिली होती की नाही, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दुसऱ्याविषयीच्या माहितीतही तोलूनमापूनच निर्णय होतो. स्कॉटलंडमधील साउथ लॅनार्कशायर कौन्सिलने वेतनश्रेणीनिहाय कर्मचारीसंख्या वैयक्तिक डेटा म्हणून नाकारली. समान वेतनाच्या पडताळणीसाठी ती मागितली गेली होती. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कौन्सिलचे अपील फेटाळले.

भारतीय कायद्यात एक दार बंद करताना दुसरे उघडलेले नाही. २०२३ च्या अधिनियमाचे कलम ११ नागरिकाला स्वतःच्या डेटाचा गोषवारा मागण्याचा हक्क देते. परंतु ज्या संस्थेला त्याने संमती दिली किंवा स्वेच्छेने माहिती पुरवली, तिच्याचकडून. शासन व त्याच्या यंत्रणा अनुदान, दाखले, परवाने यांसाठी जो डेटा वापरतात, त्याला कलम ७(ख) चा स्वतंत्र आधार आहे आणि कलम ११ मध्ये त्याचा उल्लेख नाही. मोबाइलवरील ॲपला जाब विचारता येईल. नगरपरिषदेच्या कर विभागाला तो विचारता येईल की नाही, हे मात्र संदिग्ध राहते. शिवाय कलम ४४(३) तात्काळ लागू झाले, तर कलम ११ अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाचे आहे.

मधल्या काळात माहितीचा अधिकार हाच मार्ग उरतो. पण नव्या ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती कोणाची, हेही लिहिलेले नाही. स्वतःच्याच घरकुल अर्जावरील शेरे मागण्यासाठी दहा रुपयांचा अर्ज घेऊन आलेल्या ग्रामस्थालाही, कलमाच्या निव्वळ शब्दांवर बोट ठेवून, नकार देता येतो.