पंचहौद : पेला आणि देवालय

बारामती म्हटले की मोरोपंत (१७२९–१७९४), इंदापूर म्हटले की मालोजीराजांची गढी. त्याचप्रमाणे पुण्याचे पंचहौद म्हटले की चहा. स्थळाचा असा एकेका खुणेत होणारा संकोच हा वाङ्मयीन स्मृतीचाच व्यापार आहे, आणि समीक्षेने त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध करविली, ग्रामण्य माजले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांच्या प्रायश्चित्ताची झळ घरात कशी पोचली, हे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात दिसते. या कथनपरंपरेत पेला केंद्रस्थानी आहे; १८८५ चे पवित्र नाम देवालय पार्श्वभूमीलाही नाही. कारण उघड आहे. विटाळ पेल्यातून लागतो, भिंतीतून लागत नाही.

वस्तुतः ही वास्तू स्वतंत्र वाचनाची अपेक्षा करते. कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) आपले गॉथिक शिखर उंचावून पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारक होते; त्याचा अभिप्रेत वाचक छावणीतला आहे. पवित्र नाम देवालयाचा घंटामनोरा मात्र पेठेतील वस्तीत उभा आहे. इंग्लंडमधील ‘पॅरिश’ या संकल्पनेत त्या हद्दीतील सर्व रहिवासी चर्चचेच, असे गृहीत असते. पेठेत हे गृहीतक टिकत नाही. येथे चर्च अनेक देवस्थानांपैकी एक ठरते, आणि ‘देवालय’ ही मराठी संज्ञा नेमकी तीच कबुली देते. भाषांतर येथे शब्दात आणि जागेत एकाच वेळी घडले आहे.

या भाषांतराला प्रतिवादही आहे. पंचहौदला कार्य करणाऱ्या वाँटेजच्या भगिनीसंघाच्याच आश्रयाने पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. तथापि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई धर्मसंस्थेचा अधिकार आपल्या विवेकापेक्षा श्रेष्ठ मानण्यास नकार देतात. म्हणजे या संहितेची कठोर वाचक तिच्या आतच होती.

पेल्यापाशी थांबणारी समीक्षा ग्रामण्याच्याच दृष्टीने पाहते. देवालयात नित्य प्रार्थना करणारी मराठी ख्रिस्ती मंडळी तिच्या नजरेत येत नाहीत. त्यांचे मराठीपण वाङ्मयेतिहासात मोजावयाचे असेल, तर वाचनाचा प्रारंभ त्या मनोऱ्याखालूनच करावा लागेल.