डोळ्यांवर पट्टी बांधलेला पार्टिसिपंट कुणाच्या वतीनं बोलतो?

आज एका पेपरची चिकित्सा करू. विषय आहे अंध खेळाडूंसाठीचे ऑडिओ गेम्स. तुमचा विषय शेती असो की शिक्षण, तरी वाचा. 'सॅम्पल कुणाचं आणि दावा कुणाबद्दल' हा प्रश्न तुमच्याही गाईडकडून येणारच आहे.

आधी ऑडिओ गेम म्हणजे काय ते सांगतो. जो गेम पडद्याकडे न बघता, फक्त ऐकून पूर्ण खेळता येतो, तो ऑडिओ गेम. उदाहरणार्थ 'टॉप स्पीड' हा जुना रेसिंग गेम घ्या. शेजारी बसलेला सहचालक पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, साधं की अवघड, ते ओरडून सांगतो. गाडी कडेला जायला लागली की आवाज एका कानाकडे सरकतो. हेडफोन लावायचे आणि गाडी हाणायची. असे गेम्स जगभरचे अंध खेळाडू कित्येक वर्षं खेळतायत, आणि त्यातले बरेच अंध प्रोग्रॅमर्सनीच बनवलेले आहेत.

आता पेपर. २०१८ साली सीएचआय या मानव-संगणक संवादाच्या परिषदेत कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांनी 'रॅड' मांडलं. रॅड म्हणजे रेसिंग ऑडिटरी डिस्प्ले. यात दोन गोष्टी आहेत. पहिली, गाडीचा वेग आणि रस्त्यावरची तिची वाटचाल सतत कानाला कळवणारा 'साउंड स्लायडर'. दुसरी, पुढचं वळण कुठल्या दिशेला, किती तीव्र, किती लांब आणि कधी येणार हे सांगणारी सूचना-व्यवस्था. साधे हेडफोन पुरतात.

कल्पना खरंच चांगली आहे. पेपरची बलस्थानं न सांगता केलेली चिकित्सा म्हणजे नुसती कुरकुर, म्हणून ते आधी बघू. अंधांसाठी गेम करायचा म्हटलं की बहुतेक जण तो सोपा करतात. रस्ता सरळ करतात, वेग कमी करतात, नाहीतर 'आता डावीकडे वळा' असा थेट हुकूम देतात. हुकूम पाळण्यात खेळ कुठे उरला? रॅड हुकूम देत नाही, माहिती देतं. ब्रेक कधी दाबायचा, वळण आतून घ्यायचं की बाहेरून, हे खेळाडूनं ठरवायचं. चुकण्याची मोकळीकही त्याचीच. हा दृष्टिकोन या पेपरची खरी कमाई आहे.

आता पद्धतीकडे या. दोन अभ्यासांत मिळून १५ पार्टिसिपंट होते. त्यातले ३ अंध. बाकीच्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. निष्कर्ष दोन: एक, 'माक १' या लोकप्रिय ऑडिओ रेसिंग गेमपेक्षा खेळाडूंना रॅडचा इंटरफेस जास्त आवडला. दोन, रॅड वापरून एक पट्टीचा अंध गेमर अवघड ट्रॅकवर हौशी डोळस खेळाडूंइतकीच चांगली गाडी चालवू शकला. लॅपच्या वेळेत आणि गाडीच्या मार्गात लक्षणीय फरक आढळला नाही.

इथे थांबा आणि पेन हातात घ्या.

पहिला मुद्दा पट्टीचा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस अंध नसतो. तो पाच मिनिटांपूर्वी दिसणं बंद झालेला डोळस माणूस असतो. हा फरक बारीक नाही. रोज स्क्रीन रीडरवर काम करणारी व्यक्ती ज्या वेगानं बोलणं ऐकते, तो वेग नवख्याला नुसता गोंगाट वाटतो. आवाजावरून दिशा, अंतर, जागा ओळखायची तिला सवय असते. मग 'कुठला आवाज सोपा वाटला, कुठला आवडला' हे नवख्या कानांना विचारून मिळालेलं उत्तर सवयीच्या कानांना लागू पडेल का? पडेलही. पण ते दाखवावं लागतं, गृहीत धरता येत नाही. १५ पैकी १२ जण नवखे असतील, तर पसंतीच्या निष्कर्षात त्यांचंच पारडं जड राहणार.

कुणी म्हणेल, गोलबॉलमध्येही सगळे डोळ्यांवर पट्टी बांधतात की! बरोबर. पण तिथे कारण वेगळं आहे. गोलबॉलच्या खेळाडूंमध्ये कुणाला थोडं दिसतं, कुणाला अजिबात नाही. पट्टीमुळे ते एका पातळीवर येतात. तिथे पट्टी सामना न्याय्य करते. प्रयोगात ती एका माणसाच्या जागी दुसरा माणूस बसवते.

पट्टीची आणखी एक किंमत आहे. २०१५ साली एरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रीय अभ्यासात, अंधत्वाची नक्कल करून बघितल्यानंतर डोळस लोकांना अंध व्यक्ती नोकरी करायला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागल्या. म्हणजे पट्टीमुळे आपल्याला अंधत्व कळलं असं वाटतं, पण प्रत्यक्षात आपली स्वतःची धडपड कळते आणि ती आपण दुसऱ्याच्या माथी मारतो.

दुसरा मुद्दा आकडेशास्त्राचा. 'लक्षणीय फरक आढळला नाही' म्हणजे 'दोन्ही सारखे आहेत' असं नव्हे. सॅम्पल लहान असेल तर मोठा फरकसुद्धा हातातून निसटतो. सारखेपणा सिद्ध करायचा तर त्यासाठी वेगळी चाचणी असते, आणि किती फरक चालेल हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. त्यात इथे तुलना एका मुरलेल्या अंध गेमरची हौशी डोळस खेळाडूंशी आहे. यावरून 'हे शक्य आहे' एवढं निश्चित कळतं. एक माणूस करून दाखवतो, तेव्हा 'अशक्य' हा शब्द गळून पडतो, आणि ती छोटी गोष्ट नाही. पण 'अंध खेळाडूंना हे जमेल' हे वेगळं वाक्य आहे.

न्यायानं बोलायचं तर, लेखकांनी सारांशात 'एक अंध गेमर' असंच लिहिलंय. लपवाछपवी नाही. ताणलं जातं ते शीर्षकात. तिथे 'अंध लोकांसाठी' आणि 'समतुल्य' हे दोन मोठे शब्द आहेत. पेपर उद्धृत करणारे बहुतेक जण शीर्षकच उचलतात. म्हणून सवय लावून घ्या: शीर्षकातला दावा आणि निष्कर्षातला दावा शेजारी-शेजारी लिहायचा. मधली जागा दिसली की तुमची चिकित्सा तिथून सुरू होते.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो आकड्यांत येत नाही. गेम बनवतो कोण, आणि तो पोचतो कसा? स्वीडनच्या फिलिप बेनेफॉल या अंध प्रोग्रॅमरनं बीजीटी हे टूलकिट तयार केलं. त्यात गेम म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमधला कोड. मोठी गेम इंजिन्स माऊस आणि चित्रांवर चालतात, स्क्रीन रीडरनं तिथे काम करणं जिकिरीचं. टेक्स्ट फाइल मात्र कुणीही ऐकत-ऐकत लिहू शकतो. त्यामुळे कितीतरी अंध मुलांनी आपला पहिला गेम बीजीटीत केला आणि मित्रांना पाठवला. 'टॉप स्पीड'मध्येही खेळाडू स्वतःचे ट्रॅक लिहून एकमेकांना देऊ शकतात. पुढे बीजीटीचं काम थांबलं, त्यात बनलेल्या गेम्सना अँटीव्हायरस विनाकारण अडवू लागले, आणि बनवलेलं वाटायचं कसं हाच प्रश्न झाला. २०२४ मध्ये एनव्हीजीटी हे मुक्त-स्रोत टूलकिट आलं, ते याच परंपरेतून.

या चित्राशेजारी प्रयोगशाळेतला अभ्यास ठेवा. तिथे अंध व्यक्ती फक्त खेळाडू असते. ती बोलावल्यावर येते, लॅप मारते, प्रश्नावली भरते, जाते. तिनं ट्रॅक बदलला असता का, सहा महिन्यांनी गेम उघडला असता का, मित्राला दिला असता का, हे लॅपच्या वेळेतून कळत नाही. उलट २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'साठी अंधांना गाडी चालवायला मदत करणारी आवाजाची व्यवस्था करताना ब्रँडन कोल हा अंध खेळाडू सल्लागार होता. शेवटी चाचणीला बोलावणं आणि घडवतानाच सोबत घेणं यात फरक पडतो.

मग तुम्ही काय कराल? 'अंध पार्टिसिपंट मिळत नाहीत' हे कारण मला माहीत आहे, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तसं असेल तर पट्टीचा वापर यंत्रणा चालते का, आवाज एकमेकांत मिसळतात का, एवढं तपासण्यापुरता ठेवा. पसंती, सोय, अनुभव यांबद्दलचा एकही निष्कर्ष त्यावर उभा करू नका. तीनच अंध खेळाडू मिळाले तर त्यांची सरासरी काढू नका. तिघांकडे महिनाभर गेम द्या आणि प्रत्येकाबद्दल नीट, सविस्तर लिहा. प्रपोजलमध्ये 'सहभागी' या शीर्षकाखाली संख्या लिहिण्याआधी, कोण कुठल्या टप्प्यावर सहभागी आहे ते लिहा. आणि प्रोटोटाइप कुठल्या स्वरूपात, कुणाच्या हातात देणार, ही ओळ बजेटच्या आधी येऊ द्या.

रॅडचा पेपर जरूर वाचा. माहिती द्या, हुकूम देऊ नका, हे त्याचं म्हणणं उचलण्यासारखं आहे. ते अंध सहभागींनाही लागू करा: प्रयोगात काय मोजायचं, हे ठरवताना त्यांना विचारा.