जरा उचलून फिरवा

कुलूप अडणाऱ्या घरात पाहुण्याला नुसती किल्ली देऊन भागत नाही. सोबत एक सूचना द्यावी लागते. 'दार जरा उचलून धरा, मग फिरवा.' कुठे 'आपल्याकडे ओढून', कुठे 'किल्ली केसभर बाहेर काढून'. घरच्यांना ही हाताची सवय वाटते. मुरलेल्या सुताराला मात्र तेवढ्यावरून अर्धा रोग कळतो, आणि या सगळ्या दुरुस्तीत मला रंगलेली जागा वाटते ती हीच.

उचलावं लागतं, याचा अर्थ दार खाली बसलंय. एवढं जड दार, त्याची ओढ सगळ्यात जास्त वरच्या बिजागरीवर. तिचे स्क्रू ढिले झाले की कुलपाकडची कड उतरते आणि बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या भोकात खालच्या अंगाला घासू लागतो. किल्लीला जोर लावून ती वाकवणारे लोक खरं तर दाराचं वजन मनगटाने पेलत असतात! खात्री करायची तर दार सताड उघडून किल्ली फिरवावी. सरसर फिरली की कुलूप निर्दोष सुटलं.

कसलेला माणूस यानंतर लगेच कानस काढत नाही. तो आधी बोल्टच्या टोकाला खडू फासतो, दार लावून किल्ली फिरवतो, पुन्हा उघडतो. पट्टीच्या खालच्या कडेवर पांढरी रेघ उमटते. ती दिसल्यावरही हात जातो बिजागरीकडेच. स्क्रूच्या झिजून मोठ्या झालेल्या भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, वाळू द्यायच्या, मग स्क्रू आवळायचा. दार वर येतं. त्यातूनही घासलंच, तर पट्टीवर कानशीचे चार हात. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी भोकच मोठं केलं, की आज काम झाल्यासारखं वाटतं, पण स्क्रू ढिलेच राहतात, दार उतरतच राहतं आणि वर्षभरात तीच सूचना घरात परत येते. घाईच्या दुरुस्तीतला बेसूर मला इथेच ऐकू येतो.

'किल्ली केसभर बाहेर काढून' ही सूचना असेल तर प्रकरण वेगळं. इथे दाराचा संबंध नाही. लायनस येल या अमेरिकन कारागिराने 1861 साली ज्याचं पेटंट घेतलं, ते पिनांचं सिलिंडर आज आपल्या बहुतेक लॅचमध्ये असतं. आत स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात. किल्लीचे चढउतार त्यांना असे उचलतात की प्रत्येक जोडीचा सांधा एकाच रेषेत येतो, आणि तेव्हाच आतला गोल फिरतो. वापरून किल्लीचे चढ गुळगुळीत झाले की ती पूर्ण आत असताना पिना थोड्या खाली राहतात. जरा मागे ओढली की योगायोगाने जुळतात. अशा झिजलेल्या किल्लीवरून दुसरी करून आणणं म्हणजे झीजच छापून घेणं. कपाटात पडलेली, कधी न वापरलेली मूळ किल्ली शोधावी, तिच्यावरून नवी करावी.

आणि तेल? खोबरेल हाताशी असतं म्हणून लोक तेच ओततात. सुरुवातीला कुलूप लोण्यासारखं चालतं, मग त्या तेलात धूळ बसून पिना चिकटतात. शिवाय 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, हे नागपूरच्या डिसेंबरात वेगळं सांगायला नको. कोरडी ग्रॅफाइटची पूड उत्तम. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं टोक किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली आतबाहेर करावी. पेन्सिलीत ग्रॅफाइटच असतं.

राहिली पावसाळ्याची गोष्ट. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. म्हणून ऐन श्रावणात दार उंचीला तेवढंच राहून रुंदीला चौकटीत आवळतं, आणि आपण 'ओढून फिरवा' म्हणू लागतो. अशा वेळी रंधा मारायला सुतार सहसा एका पायावर तयार असतो. जो म्हणेल, 'आत्ता नको, दिवाळीनंतर बोलवा, आज तासलं तर उन्हाळ्यात फटीतून बोट जाईल,' त्याचा फोन नंबर जपून ठेवावा.